एक मे: सुटी, झेंडा आणि आठ तास

मे अंकासाठी आलेल्या पत्रांत यंदा आंब्यापेक्षा एक मेचीच पत्रे जास्त निघाली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे न छापता गावे तेवढी दिली आहेत.

प्रश्न: कामगार दिन शिकागोतल्या घटनेवरून सुरू झाला असे पुस्तकात आहे. मग खुद्द अमेरिकेत तो सप्टेंबरात का? निबंधात नेमके काय लिहावे? (इयत्ता नववी, राजापूर)

उत्तर: निबंधाची सुरुवात तासांपासून कर, बॉम्बपासून नको. त्या काळी कारखान्यात दहा-बारा तास राबणे नेहमीचे होते. १८८४ मध्ये अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या महासंघाने शिकागोच्या अधिवेशनात ठराव केला, की १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा धरायचा. मालक ऐकणार नाहीत हे उघड होते, म्हणून त्या दिवशी ठिकठिकाणी संप आणि मोर्चे झाले. शिकागोतला १ मे शांततेत पार पडला. ३ मेला मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या संध्याकाळी हेमार्केट चौकात भरली. पावसाची चिन्हे दिसू लागल्याने गर्दी पांगली होती, महापौरही ऐकून घरी गेले होते. शेवटचे भाषण चालू असताना पोलीस सभा मोडायला आले आणि कुणीतरी बॉम्ब टाकला. तो कुणी टाकला ते आजवर सिद्ध झालेले नाही. खटला मात्र आठ जणांवर चालला. त्यांपैकी पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. फाशी ठरलेला पाचवा, लुई लिंग, आदल्या दिवशी कोठडीतच मेला. तुरुंगात उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी सोडले आणि खटला न्यायाने चालला नव्हता असे लेखी नोंदवले. निबंधांत दोन चुका नेहमी दिसतात. एक, ‘१ मेला गोळीबार झाला’. दुसरी, ‘कामगारांनी बॉम्ब टाकला’. दोन्ही टाळ.

जुलै १८८९ मध्ये पॅरिसला समाजवादी आणि कामगार संघटनांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आठ तासांच्या मागणीसाठी सगळीकडे एकाच दिवशी निदर्शने करायची असे तिथे ठरले. अमेरिकेच्या कामगार महासंघाने १ मे १८९० ही तारीख आधीच धरली होती, तीच जगाने घेतली.

आता सप्टेंबर. न्यूयॉर्कच्या कामगार संघटनांनी ५ सप्टेंबर १८८२ ला मिरवणूक काढली होती, म्हणजे ती रीत हेमार्केटच्याही आधीची. पुढे एकेका राज्याने सुटी दिली, त्यात ओरेगॉन पहिले, १८८७ मध्ये. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या संपाने रेल्वे अडली असतानाच, २८ जून १८९४ ला अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सप्टेंबरचा पहिला सोमवार देशाची सुटी म्हणून मंजूर केला, आणि जुलैत त्याच संपावर लष्कर पाठवले. एक मेला हेमार्केटची आठवण चिकटलेली होती, सप्टेंबर सरकारला सोयीचा होता. कॅनडातही सप्टेंबरच आहे.

भारतातला पहिला कामगार दिन १ मे १९२३ चा, मद्रासचा. कामगार नेते सिंगारवेलू यांनी तो घडवून आणला. एक सभा हायकोर्टासमोरच्या किनाऱ्यावर झाली, दुसरी ट्रिप्लिकेनच्या.

प्रश्न: रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १० जून १८९० ला मिळवून दिली, असा मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरतो. खरे किती? आमचे पणजोबा परळच्या गिरणीत होते, त्यांना ती मिळत असेल का? (लांजा)

उत्तर: माणूस खरा आणि तारीखही खरी. मात्र १० जून १८९० ला मंगळवार होता. गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली तो हा दिवस. ‘पहिला सुटीचा रविवार’ असे जे लिहिले जाते ते चूक.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. ते महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. त्या मागण्या वाचल्या की तेव्हाचा दिवस डोळ्यांसमोर येतो. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. यात आठ तासांचे नावही नाही. साडेसहा ते सूर्यास्त हीच तेव्हा सवलत वाटावी अशी स्थिती होती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. जूनमध्ये मालकांनी सुटी मान्य केली. सगळे श्रेय एकट्या नावावर टाकताना त्या दहा हजारांना विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे.

पणजोबांचे उत्तर ते कायम होते की बदली, यावर ठरेल. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे मोठ्या संख्येने होती, आणि गावाहून नवा गेलेला बहुधा बदलीवरच लागे. सकाळी भोंग्याआधी फाटकाशी उभे राहायचे, जॉबरने (माणसे कामावर घेणाऱ्या मुकादमाने) खुणावले तर आत, नाहीतर खोलीवर परत. त्याला सुटीचा पगार नव्हता, त्यामुळे रविवार म्हणजे बिनकमाईचा आणखी एक दिवस. घरात जुना पगाराचा कागद, तिकीट किंवा फंडाची चिठ्ठी सापडली तर खाते (गिरणीतला विभाग) आणि तिकीट नंबर आधी पाहा. पुढचा शोध त्यावरूनच लागतो.

प्रश्न: बाबासाहेबांनी कामाचे तास चौदाचे आठ केले, असे भाषणात सांगितले तर चालेल का? शिवाय कोकणातले उदाहरण हवे आहे. (शिक्षिका, अलिबाग)

उत्तर: ‘चौदाचे आठ’ हे घाईचे गणित आहे, तसे सांगू नका. खरा हिशेब भाषणाला अधिक वजन देईल. कापड गिरणीतल्या पुरुषांना कायद्याने पहिली मर्यादा १९११ मध्ये लागली, दिवसाला १२ तास. १९२२ मध्ये ११ तास आणि आठवड्याला ६०. १९३४ मध्ये १० आणि ५४. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच काळात आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांवर आला. सहा दिवसांना भागा, आठ येतात. शिकागोची मागणी आपल्या कायद्यात उतरली ती या वाटेने, साठ वर्षांनी.

त्यांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, हे कोकणातल्या मुलांना मुद्दाम सांगा. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती (खोतांची जमीनदारी) रद्द करण्याचे विधेयक मांडले. संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटेवाले कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. गिरणीतला कामगार आणि गावाकडचा खोताचा कूळ बऱ्याचदा एकाच घरातले भाऊ होते, म्हणून या दोन लढाया वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

आणि अलिबागला राहून दूरचे उदाहरण कशाला? चरी तुमच्या हाकेवर आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तिथल्या परिषदेत कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचे ठरवले. पंचवीस गावांनी ते सहा वर्षे पाळले. पेरणीच्या दिवसांत शेत समोर दिसत असताना नांगर न घालणे ही गोष्ट मोर्चापेक्षा जड आहे, मुलांना ती कळते. भाषण पाच मिनिटांचे असेल तर तीन मिनिटे चरीला द्या.

प्रश्न: ग्रामपंचायतीत एक मेला तिरंगा असतो. यंदा बांधकाम मजुरांची संघटना त्याच खांबावर खाली लाल झेंडा लावू म्हणते. चालेल का? मागच्या वेळी दोरी अडकून सगळ्यांदेखत खांबावर चढायची वेळ आली, तेही सांगा. (मालवण तालुका)

उत्तर: त्याच खांबावर नाही. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्याच्या खांबावर दुसरा कोणताही झेंडा एकाच वेळी लावता येत नाही, वरही नाही आणि खालीही नाही. तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी लावणेही वर्ज्य आहे. संघटनेचा झेंडा तिच्या कार्यालयापाशी किंवा आवारात बाजूला, वेगळ्या आणि ठेंगण्या काठीवर लावावा, वेळही तिरंग्यानंतरची ठेवावी. लाल झेंड्याला कायद्याने बंदी नाही, भांडण फक्त जागेचे असते. काठी समुद्रकिनाऱ्यावर मात्र रोवू नका. तिथे लाल झेंड्याचा अर्थ ‘पाण्यात उतरू नका’ असा होतो आणि मे महिन्यात किनारे पर्यटकांनी भरलेले असतात.

आता दोरी. आपल्याकडे दोष बहुधा कप्पीचा असतो. २६ जानेवारीनंतर तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि तीन महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कप्पी गंजून चाक फिरेनासे होते. मग दोरी चाकावरून न फिरता घासत जाते, किंवा बारीक असली तर चाक आणि पत्रा यांच्या फटीत शिरून बसते. जोर लावला की आणखी घट्ट. कप्पी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या, दोरी तिच्या खाचेत सैल न खेळणारी पण सहज फिरणारी घ्या. सुती दोरी दमट हवेत फुगते, तेव्हा नायलॉनची बरी; पण ती निसरडी असल्यामुळे खांबाच्या खुंटीला एक फेरा जास्त द्या. २९ एप्रिललाच झेंड्याच्या वजनाचा एखादा टॉवेल बांधून दोनदा वर-खाली करून पाहा.

झेंडा बांधून वर न्यायचा असेल तर आधी सपाट पसरा आणि केशरी बाजू वरच्या टोकाला आहे ना ते पाहा. नेफ्यातून जी दोरी येते तिच्या वरच्या टोकाला लाकडी गुल्ली असते, खालच्या टोकाला फासा. गुल्ली खांबाच्या दोरीच्या वर जाणाऱ्या टोकाला अडकवायची. झेंडा उलटा फडकतो तो बहुतेक वेळा घाईत ही दोन टोके बदलल्यामुळे. मग केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्यावर लांबीने दुमडा, मोकळ्या टोकाकडून नेफ्याकडे घड्या घालत या. आत मूठभर पाकळ्या ठेवा, संहितेत त्याला मुभा आहे. पाकळ्या सुट्या आणि कोरड्या हव्यात. ओल्या झेंडूचा डाग खादीवर बसतो, आणि अख्खी फुले घातली की गुंडाळी जड होऊन वाटेतच सुटते. शेवटी खालच्या दोरीचा एक फेरा गुंडाळीभोवती घेऊन त्यात त्याच दोरीचा दुमडलेला फासा खोचा. सगळी गंमत या फाशात आहे. दोरी दुमडून खोचली तर खालून एका हिसक्यात निघते, टोकच आरपार ओवले तर ती साधी गाठ होते आणि जितके ओढाल तितकी आवळते. बांधणाऱ्याने जमिनीवरच एकदा ओढून पाहावे आणि पुन्हा बांधावे.

झेंडा ३:२ मापाचाच हवा. साधारण वीस फुटी खांबाला ९०० बाय ६०० मिलिमीटरचा शोभतो, फार तर १३५० बाय ९००. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. फाटका किंवा रंग उडालेला झेंडा लावू नये. तो खासगीत, पूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करावा. राष्ट्रगीतानंतर राज्यगीत होते, २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला तो मान आहे. त्याची ठरवलेली दोन कडव्यांची आवृत्ती १ मिनिट ४१ सेकंदांची आहे, तीच लावा. मोबाइलवरचे पूर्ण ध्वनिमुद्रण लावले की लोक उन्हात ताटकळतात आणि मागची मुले खाली बसू लागतात.

प्रश्न: एक मेला आंबा ऐन भरात असतो. बागेतल्या माणसांना सुटी कशी देणार? (बागायतदार, पावस)

उत्तर: त्याच दिवशी देता येणार नाही हे कबूल. झाडावर पिकायला आलेला हापूस तारखेसाठी थांबत नाही. पण म्हणून हिशेबच ठेवायचा नाही, असे होत नाही.

तोडणीचे तास बसवणे अवघड नाही, कारण फळालाही दुपारचे ऊन नको असते. सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी साडेतीन ते सात, असे झेल्यावरच्या (जाळीच्या काठीने आंबे काढणाऱ्या) माणसाचे आठ तास होतात. भर दुपारी काढलेले फळ तापलेले असते, पेटीत कमी-जास्त पिकते. दमलेला माणूस देठ न राखता आंबा ओढतो, चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि त्याच्या हातालाही भाजतो. खरी गडबड संध्याकाळनंतर होते. गाडी रात्री निघायची म्हणून निवड आणि पेट्या भरण्याचे काम त्याच माणसांवर येते आणि आठाचे बारा-तेरा कधी होतात ते कळत नाही. पेट्यांसाठी वेगळी माणसे लावा, किंवा वरच्या तासांचा वेगळा दर आधी सांगून वहीत मांडा. कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर असतो, तो अंदाजाला धरा.

सगळ्यात अवघड राखणदार, यात बरेच नेपाळहून येतात. तो मांगरात (बागेतल्या खोपटात) राहतो, म्हणजे चोवीस तास कामावर आहे असेच धरले जाते. दिवसा माकडे, रात्री चोर. दोघे असतील तर रात्र एकाने, दिवस दुसऱ्याने, आणि आठवड्याला एक दिवस तिसरा बदली. एकच असेल तर निदान बुडालेल्या सुट्या लिहून ठेवा आणि हंगाम संपल्यावर निघताना पैशांत द्या. ‘राहायला जागा दिली आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. ती जागा बागेच्या सोयीची आहे.

प्रश्न: कपड्याच्या दुकानात काम करते. एक मेला दुकान बंद ठेवून मालक त्या दिवसाचा पगार कापतात. बरोबर आहे का? (वेंगुर्ले)

उत्तर: राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्या आहेत. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार नावानिशी दिल्या आहेत. बाकीच्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. म्हणजे हा कायदा लागू असलेल्या दुकानात पगार कापता येत नाही. अडचण संख्येची आहे. मूळ कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना होता, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो आकडा २० वर नेण्याला मंजुरी दिली. आपल्या बाजारपेठांतल्या बहुतेक दुकानांत चार-पाच जणच असतात. तेव्हा आधी दुकानात किती माणसे आहेत ते मोजा, मग हजेरी आणि पगाराच्या नोंदींची नक्कल घेऊन कामगार अधिकाऱ्यांकडे जा. तोंडी तक्रारीने काही होत नाही.

मंत्रिमंडळाच्या त्याच बैठकीत दिवसाची मर्यादा दुकानांत ९ वरून १० आणि कारखान्यांत ९ वरून १२ तास करण्यालाही मंजुरी मिळाली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत असे सरकारचे म्हणणे. ते खरे ठरायचे तर आठवड्याची बेरीज कामगाराने स्वतः मांडायला हवी. महिन्याच्या पगारपत्रकावर ती दिसत नाही.

प्रश्न: आमच्या बंदरात एक मे कुणी पाळत नाही. आम्ही नारळी पौर्णिमा पाळतो. तोच आमचा कामगार दिन म्हणावा का? (हर्णै)

उत्तर: मानाचा दिवस म्हणून जरूर, हक्काचा म्हणून नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम सुरू होतो, खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, सुतार-लोहार विश्वकर्म्याची जयंती करतात. या सगळ्यांत पूजा दर्याची आणि अवजाराची आहे. राबणाऱ्याचे तास आणि मोबदला यांची गोष्ट त्यात येत नाही.

एक मे बंदराला गैरसोयीचा आहे हे खरे. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंद असते, त्यामुळे मे म्हणजे शेवटच्या फेऱ्या. किनाऱ्यावर बायकांची जवळा आणि बोंबील वाळवायची घाई असते. जवळा दिवसातून दोन-तीनदा उलथावा लागतो आणि ढग आले की तासाभरात गोळा करावा लागतो, नाहीतर काळा पडून वास धरतो. बंदीचे दोन महिने म्हणजे खलाशाची सुटी असे कुणी म्हणाले तर मान्य करू नका. होड्या शाकारणे आणि जाळी विणणे हे तेव्हाच चालते, आणि त्याची मजुरी हंगामाच्या हिशेबात धरली की वेगळी, ते मे संपायच्या आत ठरवून घ्यावे.

प्रश्न: १ मे ही राष्ट्रीय सुटी आहे का? (सावंतवाडी)

उत्तर: नाही. राष्ट्रीय सुट्या तीनच: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १ मे ही राज्याची सार्वजनिक सुटी आहे, १ मे १९६० च्या महाराष्ट्र स्थापनेमुळे. तुमच्यासाठी आणखी एक कारण आहे: सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तोही १ मे १९८१ ला.

प्रश्न: एक मेच्या ग्रामसभेत मजुरांचे प्रश्न घेता येतात का? दरवेळी झेंडावंदन झाले की मुलांचे निकाल घेऊन सगळे घरी जातात आणि सभा तहकूब होते. (गुहागर तालुका)

उत्तर: घेता येतात, पण विषय आधी द्यायला हवा. सभेची सूचना सात दिवस आधी निघते, म्हणून विषयाचा अर्ज एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रामसेवकांकडे देऊन पोच घ्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सभा आठच्या झेंडावंदनाला जोडूनच ठेवा, उन्हे चढल्यावर कुणी येत नाही. चाकरमानी गावी आलेले असतात, ते बोलतात खूप. पण ज्यांचे नाव गावच्या मतदारयादीत नाही त्यांना गणपूर्तीत धरता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगा. चिरेखाणीवरच्या आणि बांधकामावरच्या मजुरांची नोंदणी हा विषय असेल तर आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँकेचे पासबुक घेऊन यायला सांगा. बांधकाम कामगार मंडळासाठी गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखलाही लागतो, आणि अर्ज बहुतेक वेळा अडतो तो त्या एका कागदावर. सभेतच कोऱ्या नमुन्यांची चळत ठेवून ठेकेदारांना सह्यांसाठी बोलवा.